डोंगराने तो पेपर वाचला नव्हता

शुक्रवारी दुपारच्या चहाला स्वारी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. खिडकीबाहेरच्या धुतल्या आभाळाकडे बोट करून म्हणाली, "आठवडाभर पावसाने कोंडून ठेवलं. उद्या ऊन आहे. डोंगरावर कोण येतंय? आत्ता सुचलं मला. सक्ती नाही हं, हौस असेल तर!"

स्वारी म्हणजे घुमीचे गाईड. मातीच्या शास्त्रातलं मोठं प्रस्थ. त्यांना आत्ताच सुचलं हे खरंही असेल. पण त्यांची पाठपिशवी खोलीच्या दारामागे बारा महिने भरलेली असायची, दिवस भरलेल्या बाईसारखी. आयत्या वेळी सुचण्याची त्यांची तयारी फार जुनी होती.

प्रयोगशाळेत तेव्हा तिघं होती. उपकरणं सांभाळणारी उंच मुलगी स्वारीच्याच देशातली. तिने हातातल्या स्क्रूवरची नजर न काढता सांगितलं, "मी नाही येत. मला उद्या झोपायचंय." घुमीने श्वास धरला. छप्पर पडलं नाही, जमीन दुभंगली नाही. "छान, झोप!" स्वारी म्हणाली आणि विषय संपला.

"मी येतो," होयबा म्हणाला. तो खुर्चीतून उठलासुद्धा होता. कुठला डोंगर, हे अजून कुणी सांगितलं नव्हतं.

घुमीनेही मान हलवली. ती आणि होयबा एकाच मुलखातून, एकाच भाषेतून इथे शिकायला आलेली; होयबा पदवी घेऊनही इथेच राहिलेला. तिकडे वरच्या माणसाने 'सक्ती नाही' म्हटलं की पोटातलं पोरदेखील ओळखतं, हजेरी लागणार. तिकडे 'नको' म्हणता येतं, पण ते तिसऱ्यांदा वाढून घेण्यासाठी. मोकळ्या विचारण्याला मोकळं 'नाही' म्हणायची कला दोघांच्याही पाळण्यावर कुणी बांधली नव्हती.

पण घुमीला जायला आणखी एक कारण होतं, आणि ते पंधरवडाभर तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. ना आत, ना बाहेर.

घुमीचं काम असं. एका लांबट पेटीत डोंगरउतारावरची माती भरायची, वरून झारीने पाऊस पाडायचा आणि चाक फिरवत पेटी हळूहळू तिरपी करत न्यायची. एका क्षणी माती पेटीची कूस सोडते आणि घसरते. तेव्हा पेटी किती तिरपी होती ते टिपायचं. ओल्या मातीचा उतार कुठवर तग धरतो आणि कुठे ढासळतो, याचा एक कोन स्वारीने तरुणपणी जगाला सांगितला होता. त्या कोनाला स्वारीचंच नाव होतं. तो पुस्तकांत होता. रस्ते बांधणारे त्याच्यावर विसंबत, डोंगराच्या कुशीत घरं बांधणारे विसंबत. आणि घुमीच्या पेटीतली माती त्या कोनाच्या बरीच आधी घसरत होती. तिने चाक बदललं, झारी बदलली, पेटी पुसून पुन्हा भरली, देवाचं नाव घेऊन भरली, रागाने भरली. माती माहेरची वाट धरलेल्या पोरीसारखी निघायच्या वेळीच निघायची.

सोमवारी स्वारी आणि घुमी दोघांच्या नावाने पेपर छापायला जाणार होता. घुमीचे आकडे नीट न बघताच स्वारीने त्यात लिहून टाकलं होतं की नव्या प्रयोगांनी जुना कोन पुन्हा एकदा खरा ठरला. पेपर गेला की घुमीला यंदाच पदवी, यंदाच घर. नाही गेला तर कुठल्या साली, ते मातीलाच ठाऊक. म्हणजे सांगावं तर आपलं घर लांबतं, न सांगावं तर कुणाचं तरी घर घसरतं. आणि सांगायला मुळात तोंडच उघडत नव्हतं.

का उघडत नव्हतं ते ऐकलं तर कुणीही हसेल. घुमीला स्वारीला हाक मारता येत नव्हती.

पहिल्याच दिवशी स्वारीने बजावलं होतं, "मला सर म्हणायचं नाही. सर शिपाई म्हणतात. नावाने हाक मारा. इथे सगळे समान!" समान व्हा, असा वरून हुकूमच सुटला तेव्हा होयबाने तो तत्काळ पाळला. तो नाव घ्यायचा, पण जपमाळ ओढावी तसं, ओठांच्या आत. घुमीला तेवढंही जमेना. बापाच्या वयाचा माणूस, पांढरी दाढी, आणि त्याला शेजारच्या पोराला मारावी तशी हाक? नाव जिभेवर यायचं आणि उंबऱ्याशी बुजलेल्या नवरीसारखं मागे फिरायचं. मग तिने जुन्या बायकांची वाट धरली. दारात उभं राहायचं. बांगड्या नव्हत्या म्हणून किल्ल्या वाजवायच्या. खोकायचं. ईमेल लिहायचा तर तो थेट 'सोबत जोडलं आहे' पासून सुरू. लग्न झालेल्या बाईला निदान उखाणा तरी असतो. शिकणाऱ्या बाईला तेवढीही सोय नाही.

हे सगळं बघून होयबाच एकदा हसला होता. "तू त्यांना म्हणतेस तरी काय? इकडची स्वारी?" तेव्हापासून ते स्वारी झाले. स्वारीला यातलं काही कळलं नव्हतं. तिने घुमीचा खोकला मनावर घेतला होता आणि दोनदा तिला डॉक्टरकडे पाठवलं होतं.

संध्याकाळी घुमीने घरी फोन लावला. उचलला आत्याने. आत्या शिवणाचे क्लास घेते, आणि फोनवर बोलतानाही तिचं मशीन थांबत नाही. 'घुमी' हे नाव तिनेच ठेवलेलं.

"आत्या, उद्या डोंगरावर जातेय."

"का? खाली जागा उरली नाही?"

"गाईड नेताहेत. अचानक ठरलं."

"अचानक पाहुणे येतात, बाई. डोंगर आहे तिथेच असतो. खरं काय ते बोल."

"त्यांचं एक चुकलंय. सोमवारच्या आत सांगायचंय मला. इथे खोलीत जमत नाही. वाटलं, डोंगरावर माणूस मोकळा असतो..."

मशीन थांबलं. "तू सांगणार? अगं घुमे, लहानपणी तुझ्या टाचेत खिळा घुसला होता तो आम्हाला संध्याकाळी मोजा काढताना कळला. तू सांगणार!"

"आत्या, टोमणे नंतर मार."

"टोमणा नाही, अनुभव आहे. हे बघ, डोंगरावर माणूस मोकळा होतो, पण तोंड आपलंच घेऊन जातो. आणि माप चुकलं असेल तर कापड कापायच्या आधी सांगावं. कापल्यावर सांगितलं की त्याला किरकिर म्हणतात." मग मशीनच्या तालावर तिने तिथल्या तिथे ओवी रचली. आत्याची ही जुनी खोड. रागावली की गाते.

*पुढं चालली गं स्वारी, मागं चालली सावली,*
*सावलीच्या तोंडाला गं कुणी कुलपं लावली?*

"कुलपं कुणी लावली ते सांगू का?" घुमी म्हणाली.

"सांग ना. तेच तर म्हणतेय मी. सांग," आत्या म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

शनिवारी सकाळी बसने तिघांना पायथ्याशी सोडलं. डोंगर मात्र देखणा होता. न्हाऊन उठलेल्या लेकुरवाळीने केस सोडून उन्हात बसावं तसा बसला होता. अंगाखांद्यावर ओहोळांची कच्चीबच्ची, पदरात धुकं, आणि चेहऱ्यावर आज कुणाचंच काही ऐकायचं नाही असा निवांतपणा. घुमीला तो बघून उगीचच गलबललं. मातीचं एवढं काम केलं, पण तिची माती नेहमी पोत्यातून आलेली.

"डोंगरावर कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही!" स्वारीने जाहीर केलं आणि ती सगळ्यांच्या पुढे निघाली.

होयबाने समतेचा भार लगेच वाटून घेतला. पहिल्या वळणावर स्वारीला उकडलं. जॅकेट होयबाकडे आलं. दुसऱ्यावर कॅमेरा आला. मग टोपी. थोड्या वेळाने घुमीने मागे बघितलं तर दुसरी स्वारीच चालत येत होती, फक्त बिनदाढीची.

"इथून दरी काय सुंदर दिसते!" पुढून आवाज आला.

"हो, इथूनच," होयबा म्हणाला.

चार पावलं झाल्यावर, "नाही, मघाशी खालून जास्त चांगली दिसत होती."

"हो, खालूनच."

घुमी हसू दाबत मनात वाक्य जुळवत होती. मला तुमच्याशी बोलायचं होतं. नको, हे फार नवऱ्याशी बोलल्यासारखं झालं. माझ्या आकड्यांत एक अडचण आहे. नको, अडचण आकड्यांत नाहीच. वाक्य जुळायचं, चढ यायचा, दम लागायचा, वाक्य सांडायचं. एका सपाटीवर स्वारी पाणी प्यायला थांबली. घुमी जवळ गेली. खोकली.

"अजून आहे का खोकला?" स्वारीने काळजीने विचारलं. "या हवेने जाईल बघ."

"नाही, ते सोमवारच्या..."

"अंहं!" स्वारीने बोट उचललं. "डोंगरावर कामाचं बोलायचं नाही. माझा नियम आहे."

"हो, नियमच आहे," होयबाने सांगितलं. तो आज पहिल्यांदाच स्वारीबरोबर डोंगरावर आला होता.

ज्याच्या देशात सगळे समान, त्याच्या डोंगरावर नियम मात्र एकट्याचा. घुमीने ते वाक्य गिळलं. काट्यावर काटा.

पुढे एका रानफुलाचा फोनने फोटो काढायला स्वारी गुडघ्यांवर बसली, तेव्हा होयबा घुमीच्या शेजारी येऊन उभा राहिला. हात कॅमेरा सांभाळण्यात गुंतले होते म्हणून त्याने हनुवटीनेच स्वारीकडे खूण केली.

"कोनाचं सांगणार आहेस ना त्यांना?"

घुमी दचकली. "तुला काय माहीत?"

"तुझी पेटी आधीच घसरते. चेहऱ्यावरून कळतं की." त्याने बुटाच्या टोकाने एक खडा ढकलला. "माझीही घसरायची."

"काय? आणि मग?"

"मग मी माती बदलली."

"म्हणजे काय रे?"

"नदीकाठची आणली. चिकणमाती. ती छान उभी राहिली गं. बरोब्बर त्यांच्या कोनापर्यंत. त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला." होयबाच्या डोळ्यांत तो हात अजून होता.

"अरे, पण माणसं डोंगरावर घरं बांधतात, नदीकाठच्या मातीवर नाही. डोंगर कुठून बदलून आणशील?"

"डोंगर काही पेटीत भरायचा नसतो," होयबा धाकट्या बहिणीला समजवावं तसा म्हणाला. "हे बघ, ती एवढी मोठी माणसं. त्यांचं चुकलं असतं तर त्यांच्या लक्षात आलं नसतं का? आपण कोण सांगणारे? तू गप पदवी घे आणि घरी जा. मी तर पदवी घेतल्यावरही गप आहे. काही बिघडलं का माझं?"

घुमीने त्याच्याकडे बघितलं. अंगावर दुसऱ्याचं जॅकेट, गळ्यात दुसऱ्याचा कॅमेरा, डोक्यावर दुसऱ्याची टोपी. बिघडलं काहीच नव्हतं. बिघडायला त्याचं स्वतःचं असं बाहेर काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात स्वारी उठली. पुढे वाट डोंगराला मोठा वळसा घालून जात होती. वळशाच्या तोंडाशी पाटी होती: पावसानंतर आडवाटेने जाऊ नये. पाटीपलीकडे गवताचा एक हिरवागार उतार, आणि उताराच्या पल्याड तीच वाट पुन्हा दिसत होती. आडवं गेलं तर वळसा वाचणार.

"आडवं जाऊ," स्वारी म्हणाली. "या पाट्या भित्री माणसं लावतात. डोळ्यांनी मोजून सांगतो, हा उतार माझ्या कोनाच्या आत आहे. चांगला पक्का आहे."

"हो, पक्काच," होयबा म्हणाला.

स्वारी गवतात शिरली. आठवड्याच्या पावसाने गवत कमरेला लागत होतं. मागे होयबा. घुमी मात्र उताराच्या काठाशीच उभी राहिली, कारण तिची नजर जायची तिथेच गेली: खाली, पायथ्याशी.

उताराच्या खालच्या कडेला, जिथे गवत संपत होतं, तिथे पिवळट माती उघडी पडली होती. ती माती तिने झोपेतही ओळखली असती. आणि त्या मातीतून पाणी पाझरत होतं. खळाळून नाही, डोळ्याच्या कडेने येतं तसं. पेटीतल्या मातीचंही असंच. निघायच्या आधी ती खालच्या कडेने रडते. एकदा रडायला लागली की मग कुणी समजूत घालून थांबत नाही.

स्वारी उताराच्या मध्यावर पोहोचत होती.

घुमी खोकली.

वाऱ्याने खोकला उचलला आणि भलत्याच दरीत टाकला. ती पुन्हा खोकली, पोटातून. खिशातल्या किल्ल्या काढून वाजवल्या. एवढ्या मोठ्या डोंगरावर किल्ल्या! शेवटी तिने जिवाच्या आकांताने हाक मारली. तोंडातून निघालं ते आईचं, आजीचं, पणजीचं:

"अहो!"

त्या सबंध मुलखात 'अहो' कळणारा माणूस एकच होता. होयबा वळला. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"मला? मला कधीपासून अहो म्हणायला लागलीस?"

"तुला नाही रे, गाढवा! त्यांना! मागे फीर! पायथ्याशी पाणी बघ, उतार जाणार आहे! त्यांना हाक मार!"

होयबाने खाली बघितलं. त्यालाही कळलं, त्याची पेटीही रडलेली होती. तो वळला आणि त्याने स्वारीचं नाव घेतलं. नेहमीसारखं, ओठांच्या आत. देवाला ऐकू गेलं असेल.

आणि मग घुमीने हाक मारली. नावाने. निव्वळ नावाने; मागे काही नाही, पुढे काही नाही. दोन वर्षं उंबऱ्याशी बुजलेलं ते नाव तिच्या तोंडातून असं सुटलं की समोरच्या कड्याने ते झेललं, मोठ्यांदा परत केलं, आणि झाडीतली दोन पाखरं उडाली.

स्वारी थांबली. वळली. चेहरा आनंदाने फुलला होता.

"आहाहा!" स्वारीने दोन्ही हात पसरले. "शेवटी! अगदी असंच! बघ, किती सोपं आहे! पुन्हा एकदा मार!"

"मागे या! माती सुटतेय!"

"काय?" स्वारीने कानाशी हात नेला.

उतार सरळ होता, हिरवा होता, आणि मोजून कोनाच्या आत होता. पण डोंगराने तो पेपर वाचला नव्हता.

मोठा आवाजही झाला नाही. स्वारीच्या पायाखालची एक सतरंजीएवढी जमीन गवतासकट, फुलासकट हळूच सुटली आणि खाली निघाली. स्वारी तिच्यावर बसली, म्हणजे बसवली गेली, आणि मोठ्या इतमामाने खाली चालली. एक हात अजून कानाशीच. मिरवणूक उताराच्या तळाशी चिखलाच्या खळग्यात शिरली, तिथे थांबली, आणि स्वारी कमरेपर्यंत त्यात रुतून बसली. मागोमाग मातीचा आणखी एक ढपला आला आणि मांडीवर येऊन विसावला.

होयबा तुटलेल्या कडेच्या अलीकडे, वीतभर जमिनीवर उभा होता. खाली स्वारीकडे बघायचा, पायांकडे बघायचा. आपणही घसरणं शिष्टाचाराला धरून होईल का, हे त्याचं ठरत नव्हतं. घुमीने जाऊन त्याला जॅकेटच्या कॉलरला धरून मागे ओढलं.

वळशाच्या वाटेने दोघं धावत खाली पोहोचली तोवर स्वारी उभी राहिली होती. हाड मोडलं नव्हतं, कातडं फाटलं नव्हतं. फक्त कमरेखाली माणूस दिसत नव्हता, नुसती माती होती. घुमीने न विचारता स्वारीचा दंड धरला, खांदा चाचपला, "लागलं का कुठे? श्वास घ्या. पाय टेका," म्हणाली. त्या घटकेला तिला पांढरी दाढी दिसली आणि तिच्या मागचा म्हातारा होत चाललेला माणूस दिसला, आणि तिला भडभडून आलं.

मग स्वारी बोलली. "बूट," ती म्हणाली. "तळ झिजलेत."

"हो, तळच झिजलेत," होयबा म्हणाला, आणि शरमून त्याने स्वतःचे नवे तळ गवतात लपवले.

"बूट नाही," घुमी म्हणाली. हळूच, पण म्हणाली.

स्वारीने घड्याळाकडे बघितलं. घड्याळावर चिखल होता. "बस चुकेल," म्हणाली आणि चालू लागली.

परतीची बस रिकामी होती. चालक होती एक जाडजूड बाई. तिने स्वारीला खालपासून वर न्याहाळलं. वर फारसं काही नव्हतंच न्याहाळायला.

"चिखलवाल्यांनी सीटवर बसायचं नाही. उभं राहा. शेवटी गादी मला पुसावी लागते."

"मी विद्यापीठात प्राध्यापक आहे," स्वारी म्हणाली. सगळे समान असण्याच्या देशात हे वाक्य तिला कसं सुचलं, कोण जाणे.

"गादीला ते कळत नाही," बाई म्हणाली आणि गाडी सुरू केली.

होयबाही उभा राहायला गेला. "तुम्ही स्वच्छ आहात, बसा," बाईने आरशातून दटावलं. तो अर्धा बसला.

घुमी खिडकीपाशी बसली होती. समोर दांडा धरून स्वारी उभी. रस्ता वळणावळणाचा, प्रत्येक वळणाला प्राध्यापक डावीकडे, प्रत्येक वळणाला उजवीकडे. जायला जागा नाही, उघडायला दार नाही, उचलायला फोन नाही. तो चिखलातच राहिला होता. आता डोंगरही मागे पडला होता आणि त्याच्यावरचा नियमही.

घुमीने पुन्हा नाव घेतलं. आत्ता ते साधं निघालं, पाणी मागावं तसं.

"सोमवारचा पेपर चुकीचा आहे. माती त्या कोनाच्या आधीच जाते. दर वेळी. तुम्ही उलट लिहिलंय."

स्वारीने खिडकीबाहेर बघितलं. "पेटीचं चाक तपासलंस?"

"बदललं."

"पाणी जास्त पडलं असेल."

"मोजून पाडलं."

"मग माती वेगळी असेल."

"तुमच्या पँटवर आहे तीच," घुमी म्हणाली.

चालक बाई आरशात हसली. होयबाने डोळे मिटून घेतले.

स्वारीने दांड्यावरचा एक हात सोडला, मांडीवरची चिमूटभर माती उचलली आणि अंगठा नि बोटाच्या मध्ये चोळली. घुमीने हे बोटांचं चोळणं कधी पाहिलं नव्हतं. पोती उघडायला, माती हाताळायला नेहमी विद्यार्थी असायचे.

"तुझी पदवी लांबेल," स्वारी म्हणाली. "एका वर्षाने, कदाचित जास्त. कळतंय ना?"

ही धमकी होती की दिलगिरी, ते घुमीला ओळखता आलं नाही. कदाचित स्वारीलाही नाही. घुमीच्या डोळ्यांपुढून घर गेलं, आत्याचं मशीन गेलं, अंगणातलं दोरीवरचं ओलं कापड गेलं. पण घसा मोकळा होता.

"कळतंय. लांबू दे. पण माझं नाव घालून ते पाठवू नका."

स्वारीने मान वळवली. "तुझ्या वेळी काय झालं होतं?" तिने होयबाला विचारलं. "तुझ्याही पेटीत माती आधीच गेली होती का?"

उत्तर एकाच शब्दाचं होतं. तो शब्द होयबाने आयुष्यभर पाठ केला होता, झोपेतून उठवलं तरी म्हणाला असता. आता त्याचे ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. गळ्यातला कॅमेरा त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला. घुमीने त्याला वाचवलं नाही, टोचलंही नाही. ती नुसती वाट बघत राहिली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. त्याने खाली बघून मान हलवली, आणि ती कुठल्या दिशेने हलली हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

"अस्सं," स्वारी म्हणाली. दाढीत चिखलाचा एक ठिपका वाळत होता. "पेपर नाही पाठवत. सोमवारी पेटी मी स्वतः भरतो. माझ्या हातांनी."

"भरा," घुमी म्हणाली. "माती मी आणीन."